दमानं पळा

कोल्हापुरात कुणी घाईला आलेला दिसला की त्याला "दमानं घे" असं सांगतात. या शब्दात दम म्हणजे छातीतला श्वास, आणि दमानं म्हणजे सावकाश. साठी ओलांडल्यावर अर्धमॅरेथॉन पळायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी या लेखाचा सगळा मुद्दा याच दोन अर्थांच्या मधे आहे. दम लवकर येतो, म्हणूनच दमानं घ्यावं लागतं. निवृत्तीनंतर रंकाळ्यावर फिरायला लागलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात संध्यामठापर्यंत जाताना धाप लागते. दीड-दोन महिन्यांनी तोच माणूस गप्पा मारत पूर्ण फेरी घालतो. अंगात नवं काहीतरी आल्यासारखं वाटतं, मोबाइलवर बारा आठवड्यांचा तक्ता सापडतो, जानेवारीतल्या स्पर्धेची नोंदणी होते. मग आठव्या-नवव्या आठवड्यात टाचेमागं कळ निघते किंवा पोटरी धरते, आणि घरचे म्हणतात, "सांगितलं होतं, या वयात कशाला." वय हे कारण नव्हतंच. छातीनं दिलेली परवानगी पायांनी दिलीय, असं तो समजून चालला, एवढंच चुकलं.

शरीरात एकाच वेळी तीन-चार घड्याळं चालतात आणि त्यांची गती वेगवेगळी असते. हृदय आणि रक्ताभिसरण यांचं घड्याळ सगळ्यांत वेगवान. अमेरिकेत डॅलस इथं १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला लावलं, आणि त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता किती घटते ते मोजलं. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना शास्त्रज्ञांनी पुन्हा गाठलं. तीस वर्षांच्या वयवाढीनं जेवढी क्षमता गेली होती, त्याहून जास्त क्षमता तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं गेली होती. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल असा व्यायाम दिला आणि तो आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास नेला. तेवढ्यावर त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीला परत आली. माणसं फक्त पाच, हे मान्य. पण बसून राहणं वयापेक्षा जास्त खातं आणि गेलेला दम परत मिळतो, या दोन्ही गोष्टी पुढच्या अनेक अभ्यासांशी जुळतात. म्हणजे साठीनंतर दमाची काळजी करण्याचं कारण फारसं नाही. नियमित चाललात, सावकाश पळालात, तर तो येतोच.

काळजी करायची ती शिरांची. इथं शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती. टाचेमागच्या जाड दोरीला मराठीत धोंडशीर असा ठसठशीत शब्द आहे, इंग्रजीतलं तिचं नाव अकिलीस टेंडन. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली तिच्याबद्दल एक विलक्षण गोष्ट दाखवली. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या काळात वाढणाऱ्या शरीरांत शिरला होता. त्याचं प्रमाण मोजून कुठली ऊती कधी तयार झाली ते सांगता येतं. स्नायू सतत नवा होत राहतो, पण धोंडशिरेचा गाभा वयाच्या साधारण सतरा वर्षांपर्यंत घडतो आणि पुढं जवळपास बदलत नाही, असं त्यांना आढळलं. थोडक्यात, साठीच्या माणसाच्या टाचेमागं शाळकरी वयातली दोरी असते. वयस्क धावपटूंच्या दुखापतींचे अभ्यास हेच सांगतात. तरुणांचे गुडघे जास्त कुरकुरतात, तर वय वाढलेल्यांची पोटरी, धोंडशीर आणि मांडीच्या मागचा स्नायू. जोडीला हाडं आहेतच. हाडाचा एखादा कण काढून तिथं नवा भरायला शरीराला तीन-चार महिने लागतात, आणि पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, भरण्याचं काम काढण्याच्या मागं पडतं.

यावर कुणी म्हणेल, शीर जुनीच राहणार असेल तर तयारी करून काय उपयोग? उपयोग आहे. गाभा बदलत नसला तरी दोरीचा ताठपणा आणि ओढ सोसण्याची ताकद वाढते. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सत्तरीच्या घरातल्या माणसांना चौदा आठवडे पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेचा ताठपणा सरासरी ६५ टक्क्यांनी वाढला. इथं दोन गोष्टी ध्यानात घ्या. शीर सुधारली ती वजनाच्या व्यायामानं, पळण्यानं नव्हे; आणि त्याला चौदा आठवडे लागले. बारा आठवड्यांचा तक्ता तेवढ्यात संपूनही जातो. ते तक्ते वाईट नसतात. ते तिशीतल्या, आधीपासून थोडंफार पळणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात आणि वाचणारा साठीचा असतो.

म्हणून माझा सल्ला असा की जानेवारीत पळायचं असेल तर सुरुवात गुढीपाडव्याला करा. नऊ-दहा महिने म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडतील. "एवढ्यात पोरगं जन्माला येतं" असं कुणी म्हणेलही. पण कोल्हापूरचं वर्ष या कामाला नेमकं जुळतं. पाडव्यापासून मृगापर्यंतच्या उन्हाळ्यात पळायला नकोच, चालायचं. मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या पावसात ताकद कमवायची आणि थोडं पळायचं. दसऱ्यानंतरच्या थंडीत अंतर वाढवायचं. घाई करून डिसेंबरात बिछान्याला टेकण्यापेक्षा हा हिशेब स्वस्त पडतो.

उन्हाळ्यातलं चालणं म्हणजे रमतगमत फिरणं नव्हे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं सलग पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. यातच पायांचं पहिलं काम सुरू करायचं, आणि त्याला जिमची पायरी चढायला नको, घरातली पायरी पुरते. भिंतीला हात टेकवून दोन्ही पायांचे चवडे पायरीच्या कडेवर ठेवा, टाचा मोकळ्या लोंबू द्या. आता दोन्ही पायांवर जोर देऊन टाचा वर उचला. वर पोचलात की डावा पाय अलगद सोडा, आणि सगळं वजन एकट्या उजव्या पायावर घेऊन मनात एक-दोन-तीन मोजत टाच पायरीच्या पातळीपर्यंत खाली आणा. पुन्हा दोन्ही पायांनी वर, यावेळी उजवा सोडून डाव्यानं खाली. चढताना दोन पाय आणि उतरताना एक, हे मुद्दाम आहे. स्नायू लांबत असताना सोसलेलं वजन शिरेला चांगलं शिकवतं. स्वीडनमध्ये १९९८ साली धोंडशीर दुखावलेल्या पंधरा हौशी धावपटूंना हाच उतरणीचा व्यायाम बारा आठवडे दिला, आणि ते सगळे पुन्हा पळू लागले. त्यांचा डोस दिवसाला १८० वेळांचा होता. निरोगी माणसानं तेवढ्याच्या मागं लागू नये. दिवसाआड प्रत्येक पायावर आठ-दहापासून सुरू करून पंधराच्या तीन फेऱ्यांपर्यंत यायला दोन महिने घेतले तरी चालतील.

इथं कोल्हापूरकराला एक सोय आहे. जोर आणि बैठका हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलेलं हे गाव, आणि पेठापेठांत तालमी. तालमीतला पोरगा लाल मातीत लढण्याआधी महिनोन् महिने बैठका काढतो. ताकद आधी आणि डाव नंतर हा क्रम त्याला कुणी शास्त्र म्हणून शिकवलेला नसतो. पळणाऱ्यानं हा क्रम तेवढा घ्यावा, बैठकांची संख्या नको. साठीच्या गुडघ्यांना पूर्ण खालपर्यंतच्या शंभर बैठकांची गरज नाही. खुर्चीच्या कडेला पार्श्वभाग टेकतोय न टेकतोय एवढं वाकून उठायचं, दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. ते सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ घालून करायचं. वय झालं म्हणून ताकद वाढत नाही, ही समजूत केव्हाच खोटी ठरलीय. १९९० साली बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मूळची ताकद अगदीच कमी होती म्हणून टक्का मोठा दिसतो, हे खरं. पण दिशा कुठली आहे, ते स्पष्ट आहे.

पाऊस सुरू झाला की पळणं चालण्यात मिसळायचं. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा. दर दोन-तीन आठवड्यांनी पळण्याचा भाग थोडा वाढवत दसऱ्यापर्यंत चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं इथवर या. मधे चालणं हा कमीपणा मानणारे पुष्कळ भेटतात. ही पद्धत लोकप्रिय करणारे जेफ गॅलोवे १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळाले होते, एवढंच त्यांना सांगावं. चालण्याच्या त्या मिनिटात पोटरीवरची ओढ उतरते, आणि शिरेला हवा तो विसावा मिळतो. पळणं एक दिवसाआडच ठेवा, सलग दोन दिवस नाही. आषाढी एकादशीला कोल्हापूरहून प्रतिपंढरपूर नंदवाळला दिंड्या निघतात. तिथवर चालत जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी टाच ताठ झाली नाही, तर तुमची तयारी रुळावर आहे असं समजायला हरकत नाही.

सकाळच्या या परीक्षेवर थोडं थांबतो, कारण शिरेची भाषा स्नायूपेक्षा वेगळी असते. स्नायूला लागते ती रग. ती पसरलेली असते, दोन्ही पायांत सारखी असते, दोन दिवसांत उतरते, आणि तिला घाबरायचं कारण नाही. शिरेची कळ एका ठिकाणी असते. बोट ठेवून दाखवता येते, बहुधा एकाच पायात असते, आणि पळताना अंग गरम झालं की गप्पही बसते. तिथंच माणूस फसतो. "पळालं की बरं वाटतंय" म्हणून तो पळत राहतो. शीर आपला खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना देते. ते पहिलं पाऊल कालपेक्षा जास्त ताठ असेल तर त्या दिवशी पळायचं नाही. सलग तीन सकाळी तसंच राहिलं तर आठवडाभर नुसतं चालायचं आणि पायरीवरचे व्यायाम चालू ठेवायचे. पूर्ण विश्रांतीही शिरेला मानवत नाही. दुखणं अंगावर काढण्यात पुरुषार्थ मानणाऱ्या आपल्या गावात हा नियम पाळणं अवघड जातं, पण रग जिरवायला दुसऱ्या जागा आहेत.

दसऱ्यानंतर लांब पल्ला सुरू होतो. सगळे तक्ते दर रविवारी लांब पळायला सांगतात. साठीनंतर मी आठवड्याऐवजी पंधरवडा धरायला सांगेन: एका रविवारी लांब, दुसऱ्या रविवारी त्याच्या निम्मं. दसऱ्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत असे सहा-सात पंधरवडे मिळतात. ८, १०, १२, १४, १६, १८ किलोमीटर असे ते चढवा आणि शेवटचा हलका ठेवा. एकादशी मोजणाऱ्या घरांत हा हिशेब चुकणारच नाही, फक्त उपवासाच्या दिवशी पळू नका. तयारीत एकवीस किलोमीटर एकदाही पळून बघायची गरज नाही. अठरा जमलेल्याला स्पर्धेच्या दिवशीचे उरलेले तीन जमतात. मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा-पाऊण तास सावकाश पळणं पुरे.

सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकं. घड्याळावर नाडी बघणाऱ्यांनी २२० वजा वय हे सूत्र सोडावं. २००१ साली मांडलेलं २०८ वजा वयाच्या सात दशांश हे सूत्र वयस्कांना जास्त जवळचं बसतं. साठीला त्यातून कमाल ठोके १६६ येतात, आणि बरंचसं पळणं त्याच्या पाऊण हिश्शाच्या आत, म्हणजे १२५च्या खाली राहावं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी चालू असेल तर मात्र नाडी मुळातच दाबलेली असते. अशांनी आकडे बाजूला ठेवून बोलण्याचीच कसोटी लावावी.

इतक्या हळू पळून काय साधणार, हा आक्षेप जुना आहे. त्याला सगळ्यांत चांगलं उत्तर एड व्हिटलॉक या कॅनडातल्या गृहस्थांनी दिलं. ऑन्टारिओतल्या मिल्टन गावच्या दफनभूमीत ते तासन् तास, तीन-तीन तास, संथ फेऱ्या मारायचे. २००४ साली टोरांटोत वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. गुडघा कुरकुरला की ते महिनोन् महिने थांबायचे, हा भाग त्यांच्या विक्रमाइतकाच शिकण्याजोगा आहे. व्हिटलॉक तरुणपणीही पट्टीचे धावपटू होते, तेव्हा त्यांची वेळ आपली कसोटी नाही. पद्धत मात्र घेता येते. आपला हिशेब साधा ठेवा. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. किलोमीटरला आठ मिनिटं लागली तर सुमारे २ तास ४९ मिनिटं, नऊ लागली तर ३ तास १० मिनिटं. स्पर्धेची वेळमर्यादा नोंदणीच्या आधी बघून घ्या, मग ऐनवेळी, रेंगाळलेल्यांना उचलणारी झाडूगाडी मागं लागल्यासारखं पळावं लागत नाही.

कुठं पळायचं हेही शिरांनाच विचारून ठरवायचं. पोलीस परेड मैदानाची माती आणि रंकाळ्याचा सपाट पदपथ सुरुवातीला उत्तम. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले चढउतार दसऱ्यानंतर, पाय तयार झाल्यावर. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असतो. तिथं नेहमी एकाच बाजूनं पळलं की एक घोटा सतत वाकडा पडतो, म्हणून जाता-येता बाजू बदला. दसरा चौकापासून पन्हाळगड वीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास स्पर्धेएवढंच अंतर. त्यामुळे पन्हाळ्याला पळत जाण्याचा मोह अनेकांना होतो. वाघबीळचा चढ दम काढतो, पण चढानं फारसं बिघडत नाही. मांड्या आणि गुडघे मोडतात ते उतरताना. याच कारणानं २०१२ पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पहिल्या वर्षी नको. यवतेश्वरच्या घाटातून वर गेलेला माणूस तोच घाट उतरतोही. पहिली स्पर्धा सपाटीवरची, आपल्या गावातली असावी. आणि एक इशारा: नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की गगनबावडा आणि राधानगरी रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. मागचे दिवे नसतात आणि ऊस दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला असतो. उजेड फुटल्याशिवाय त्या रस्त्यांना जाऊच नका, आणि गेलात तर चमकणारं जाकीट घालून समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं पळा.

गुडघ्यांचा प्रश्न कट्ट्यावर सगळ्यांत आधी येतो: पळून वंगण संपतं म्हणे. कॅलिफोर्नियात १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा दोन दशकं पाठपुरावा झाला. न पळणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात गुडघ्यांची झीज जास्त आढळली नाही. एकोणीस वर्षांनंतर पळणाऱ्यांपैकी १५ टक्के आणि न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के वारले होते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी पळणाऱ्यांत गुडघा-खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, बसून असणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के निघाला. यावर शंका घेणं रास्त आहे. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, आणि तेवढ्यानंही आकडे चांगले दिसू शकतात. म्हणून पळण्यानं गुडघे सुधारतात असं मी म्हणणार नाही. निरोगी गुडघा हौशी पळण्यानं बिघडतो याला पुरावा नाही, इतकंच म्हणेन. आधीच झिजलेला, सुजणारा किंवा शस्त्रक्रिया झालेला गुडघा असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नये.

हृदयाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळलेल्या एक कोटी नऊ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय पळताना किंवा पळून झाल्यावर लगेच बंद पडलं. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या जवळपास पावपट होतं. धोका फार कमी, पण तो अमेरिकन शरीरांचा हिशेब. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका जगातल्या इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो. तेव्हा पाडव्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी, आणि मधुमेह, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी, करून घ्या. तपासणी स्वच्छ आली तरी शरीराचं ऐका. आपल्याकडे छातीत जळजळलं की रात्रीच्या तांबड्या रश्शावर बिल फाडून "पित्त झालंय" म्हणायची सवय आहे. चालताना किंवा पळताना येणारी आणि थांबलं की जाणारी जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी ओढ, अचानक आलेली भोवळ, हे पित्त नाही असं धरूनच त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं. दुसरं सीपीआर, म्हणजे कोसळलेल्या माणसाची छाती दाबणं, तुमच्यासोबत पळणाऱ्या दोघांना तरी यायला हवं. त्या ५९ जणांत जे वाचले, त्यांच्या वाचण्यात जवळच्यांनी ताबडतोब छाती दाबली याचा वाटा मोठा होता.

औषधांबाबत दोन गोष्टी कमी जणांना ठाऊक असतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही आपल्याकडे जुलाब आणि लघवीच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी अँटिबायोटिक्स शिरा कमकुवत करतात. धोंडशीर तुटण्याचा धोका साठीनंतर, आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखी, वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ सालीच यावर ठळक इशारा छापायला लावला. अशी गोळी लिहिली जात असेल तर आपण पळतो हे डॉक्टरांना सांगा, आणि ती घेतल्यावर काही आठवडे पळणं आवरा. दुसरी गोष्ट, स्पर्धेच्या सकाळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन उभं राहू नका. घामानं पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर त्या गोळ्या मार करतात, आणि शिरेचं बोलणं दाबतात ते वेगळंच.

खाण्यात कोल्हापूर गरीब नाही, पण वाटणी चुकीची आहे. वयस्क स्नायूला रोज वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, तीही तिन्ही वेळा विभागून. पासष्ट किलोच्या माणसाला दर जेवणात पंचवीसेक ग्रॅम. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी भाकरी-आमटी आणि रविवारी एकदम मटणाचा वाडगा, असा प्रकार. न्याहारीला दोन अंडी आणि म्हशीचं एक पेलाभर दूध घेतलं तरी वीस-बावीस ग्रॅम होतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाची चव मान्य, पण साठीनंतर ते घरी आणून तापवूनच प्यावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बुटांबद्दल एवढंच की जन्मभर चपला घातलेला पंजा पसरट असतो. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पुढून ऐसपैस बघून घ्या.

शेवटी सगळ्यांत खरा आक्षेप: तब्येतीसाठी एवढं कशाला, रोज चाललं तर पुरत नाही का? पुरतं. आरोग्यासाठी एकवीस किलोमीटर पळण्याची कुणालाच गरज नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पळायचं ते हौसेसाठी. पण हौसेनं लावलेली तारीख पायरीवरचे ते कंटाळवाणे व्यायाम नऊ महिने करून घेते, हा फायदा मात्र खरा. म्हणून पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की पायरीवर एका पायावर उभे राहा आणि टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजून वहीत लिहा. चार आल्या तरी लिहा. नोंदणीची लवकरची सवलत दसऱ्याआधी संपत असेल तर खुशाल संपू द्या. दोन्ही पायांवर वेगवेगळ्या पंधरा टाचा झाल्याशिवाय पैसे भरू नका.